उताराच्या गवताची मजुरी: स्वित्झर्लंड शेतकऱ्याला पैसे देतं ते नेमके कशाचे?

स्वित्झर्लंडच्या मधोमध उरी नावाचं एक छोटं कँटन आहे. कँटन म्हणजे त्यांच्या संघराज्यातलं एक राज्य. तिथल्या रोफाईएन डोंगराच्या कड्यांखालच्या उतारांवर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात माणसं गवत कापताना दिसतात. उतार असा की तिथे गुरं उभी राहू शकत नाहीत, ट्रॅक्टरचा तर प्रश्नच येत नाही. बुटांना लोखंडी काटे लावायचे, लांब दांड्याच्या विळ्याने गवत पाडायचं, उन्हात वाळवायचं, जाळ्यांत गच्च बांधून भारे करायचे आणि डोंगरावरून खाली ताणलेल्या तारेला अडकवून ते सोडून द्यायचे. बऱ्याच जागी एकच पट्टा दरवर्षी कापत नाहीत, एखादं वर्ष सोडून कापतात. पाय घसरला तर माणूस सरळ खाली. या कामात पिढ्यानपिढ्या जीव गेलेले आहेत.

एवढ्या कष्टाने मिळणाऱ्या गवताचा बाजारभावाने हिशेब केला तर मजुरीसुद्धा सुटत नाही. खालच्या सपाटीवर यंत्राने तासाभरात निघेल तेवढ्या वैरणीसाठी इथे माणसांचे दिवसच्या दिवस जातात. तरी ही कापणी टिकून आहे, कारण सार्वजनिक तिजोरीतून तिचे पैसे मिळतात. फक्त कड्यांवरच्या गवताचे नाही, तर गावाजवळच्या चढउताराच्या कुरणांचेही. तिथे तर उतार मोजून दर ठरलेले आहेत: १८ ते ३५ टक्के चढ असेल तर हेक्टरी वर्षाला ४१० फ्रँकच्या आसपास, ५० टक्क्यांपर्यंत ७००, आणि त्याहून उभा असेल तर १००० फ्रँक, म्हणजे आजच्या दराने साधारण लाखभर रुपये. पन्नास टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पन्नास मीटर वर जाणं. अशा जागी नुसतं उभं राहायलाही कसब लागतं.

या देशात शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. बँका, औषधं, यंत्रं आणि घड्याळं यांवर चालणारा हा श्रीमंत देश. लागेल ते धान्य आणि लोणी जगाच्या बाजारातून विकत आणणं त्याला जड नाही. तरीही सुमारे ४८ हजार शेतकरी कुटुंबांना तो दरवर्षी २८० कोटी फ्रँकच्या आसपास थेट देतो. सरासरी काढली तर एका शेतामागे पन्नास-साठ हजार फ्रँक पडतात. हे का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे कोणत्या हिशेबाने, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सरकारी मदत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हमीभाव, खतावरचं अनुदान, वीजबिल आणि कर्जमाफी येते. हा त्याहून वेगळ्या जातीचा व्यवहार आहे.

शेतीतून निघतं, पण विकलं जात नाही असं काही

ऊस गाळला की साखरेबरोबर चिपाड आणि मळी निघतेच. कारखान्याला ती वेगळी तयार करावी लागत नाही. डोंगरातल्या शेतीचंही तसंच आहे. शेतकरी दुधासाठी गाय पाळतो, पण गाय चरते म्हणून कुरण उघडं राहतं. कुरण उघडं राहतं म्हणून तिथे शेकडो जातींची फुलं आणि त्यांवरचे कीटक टिकतात. कुटुंब बाराही महिने वर राहतं म्हणून पायवाट, पाण्याचा पाट आणि दगडी बांध यांची डागडुजी होते. शाळेत मुलं असतात, गावात बस येते. मळी निदान विकता येते. उघड्या कुरणाचं आणि जागत्या गावाचं बिल कोणाच्या नावाने फाडणार? दुधाच्या लिटरमागे मिळणाऱ्या भावात यातलं काहीच मोजलेलं नसतं. डोंगरातलं दूध आणि सपाटीवरचं दूध बाजारात एकाच भावाने लढतं, आणि सपाटीवरचं जिंकतं. मग डोंगरातला शेतकरी गाई विकून खाली शहरात जातो, आणि त्याच्याबरोबर बाकीचं सगळंही हळूहळू जातं.

अर्थशास्त्रात याला बाजाराचं अपयश म्हणतात. मला ते एका ठोस उदाहरणातून पाहावंसं वाटतं: न कापलेल्या गवताचं काय होतं?

आल्प्समधल्या उतारावर गवत कापलं नाही आणि गुरंही चरली नाहीत, तर ते उंच वाढतं आणि शरद ऋतूत उताराच्या दिशेने आडवं पडतं. त्यावर बर्फ साचतं. आखूड कापलेल्या, खुरट्या गवतात बर्फाला धरून राहायला जागा असते. लोळलेल्या लांब गवतावर मात्र बर्फाचा अख्खा थर खाली सरकू लागतो. कधी तो हळूहळू सरकतो, कधी एकदम सुटतो आणि हिमकडा कोसळतो. सरकणाऱ्या बर्फात मधेच उगवलेली झुडपं गोठून अडकलेली असतात, ती मुळासकट उपटली जातात आणि बरोबर मातीचा तुकडा घेऊन जातात. उतारावर उघडी जखम पडते, पुढच्या पावसात ती रुंदावत जाते. खाली रस्ता असतो, रेल्वे असते, गाव असतं.

कोणी म्हणेल, मग जंगल वाढू द्या, जंगल तर चांगलंच. स्वित्झर्लंडच्या सुमारे एक तृतीयांश भूभागावर आज जंगल आहे, आणि ते वाढतंय ते मुख्यतः आल्प्समधल्या सोडून दिलेल्या कुरणांवर. पण बऱ्याच उतारांवर पहिल्यांदा येतं ते उंच झाडांचं, बर्फ अडवणारं जंगल नसतं. येते ती हिरवी आल्डर नावाची झुडपी जात. बर्फाच्या भाराखाली ती वाकते, बर्फाला रोखून धरत नाही. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, इतका की जास्तीचा नायट्रेट होऊन झऱ्यांच्या पाण्यात उतरतो. तिच्या दाट सावलीत फुलझाडं तगत नाहीत, आणि खऱ्या झाडांची रोपंही सहजासहजी वर येत नाहीत. संशोधकांनी तिच्यावर उपाय शोधला तो मेंढीत: एंगाडीन जातीची जुनी डोंगरी मेंढी आल्डरची साल सोलून खाते, त्यामुळे झुडूप वाळतं. एका काळी नामशेष व्हायला आलेली ही जात आज कुरणं वाचवण्यासाठी मुद्दाम वर नेली जाते. मला हे फार बोलकं वाटतं. दूध-मांसाच्या हिशेबात मागे पडलेलं जनावर दुसऱ्या हिशेबात आघाडीवर आलं.

इथवर कसे आले

हा विचार काही पहिल्यापासून नव्हता. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड चहूबाजूंनी जर्मनी आणि इटलीच्या ताब्यातल्या प्रदेशाने वेढला गेला. तेव्हा फ्रीड्रिख ट्राउगॉट वालेन या कृषिशास्त्रज्ञाने १९४० साली देशभर लागवड वाढवण्याची योजना मांडली. झुरिकच्या भर चौकात बटाटे लावले गेले, उद्यानं नांगरली गेली. लागवडीखालची जमीन जवळपास दुप्पट झाली. अन्नाची स्वयंपूर्णता मात्र सुमारे ५२ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांपर्यंतच गेली, कारण गुरांना घातलं जाणारं धान्य माणसांकडे वळवून आणि रेशन लावूनच निभावलं होतं. तरीही ‘आपण आपल्या मातीवर तगलो’ ही भावना त्या पिढीच्या मनात पक्की बसली. वालेन पुढे देशाच्या सात सदस्यांच्या मंत्रिमंडळातही गेले.

युद्धानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं सरकारने दुधाला, गव्हाला आणि चीजला भाव बांधून दिला. भाव बांधला की शेतकरी जास्त पिकवतो, हे आपल्याला सांगायला नको. खतं वाढली, गुरं वाढली, लोणी-चीजचे साठे वाढले. ते साठे परदेशात स्वस्तात खपवायला पुन्हा सरकारचाच पैसा. आणि या सगळ्याची किंमत पाण्याने मोजली. लुझर्न कँटनमध्ये सेम्पाखचं तळं आहे. त्याच्या काठाने डुकरांचे आणि गुरांचे गोठे दाटीने वाढले होते. त्यांचं पातळ शेणखत शेतांत इतकं ओतलं गेलं की स्फुरद तळ्यात उतरलं, शेवाळ माजलं, आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये मासे ढिगाने मरून काठाला लागले. त्याच वर्षापासून या तळ्याच्या खोल पाण्यात यंत्राने प्राणवायू सोडायला सुरुवात झाली. देखण्या डोंगरांच्या कुशीतलं तळं कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं, हे स्विस लोकांच्या चांगलंच जिव्हारी लागलं.

त्यातच जागतिक व्यापाराच्या वाटाघाटी चालू होत्या. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, आणि उत्पादनाशी जोडलेल्या अनुदानांवर बंधनं आली. उत्पादनाशी न जोडलेली, पर्यावरणासारख्या कामांसाठी दिलेली रक्कम मात्र चालणार होती. म्हणजे आतून पाणी नासलं होतं आणि बाहेरून नियम बदलत होते. १९९३ च्या सुधारणेपासून सरकारने बांधलेल्या भावातून हळूहळू पाय काढला आणि थेट रक्कम देणं सुरू केलं. चीजचा सगळा व्यापार हातात ठेवणारी सरकारपुरस्कृत ‘चीज युनियन’ १९९९ मध्ये बंद झाली, किती दूध घालायचं याचा ठरवून दिलेला कोटा २००९ मध्ये गेला.

या बदलावर लोकांनी मतदानातून शिक्का मारला. मार्च १९९५ मध्ये शेतीविषयक तीन प्रस्ताव सार्वमताला आले आणि तिन्ही पडले. पर्यावरण आणि ग्राहक संघटनांना त्यात निसर्गाच्या अटी अपुऱ्या वाटत होत्या. सरकारने मसुदा बदलला. ९ जून १९९६ ला नवं कलम ७७.६ टक्के मतांनी मंजूर झालं. आज ते राज्यघटनेचं १०४ वं कलम आहे. त्यात शेतीची कामं सांगितली आहेत: लोकांना अन्नाचा भरवशाचा पुरवठा, निसर्गसंपत्तीचं जतन आणि ग्रामीण प्रदेशाची निगा, आणि देशभर वस्ती विखुरलेली राहील हे पाहणं. तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लोकांनी फक्त मोठ्या शहरांत न राहता डोंगरदऱ्यांतही राहावं, हे या देशाने घटनेत लिहून ठेवलं आणि त्याची जबाबदारी शेतीवर टाकली.

पैसे मिळतात, पण कशाच्या बदल्यात

अटी भरपूर आहेत. साधारणपणे शेतकऱ्याकडे शेतीचं औपचारिक शिक्षण हवं. वयाच्या ६५ नंतर रक्कम बंद होते, म्हणजे पुढच्या पिढीकडे वेळेत शेत सोपवावं लागतं. किमान ७ टक्के जमीन फुलं-कीटक-पक्ष्यांसाठी राखावी लागते. किती खत आलं आणि पिकाने किती उचललं याचा ताळेबंद जुळला पाहिजे. मोठी शेतं असतील तर पिकांची फेरपालट हवी. एवढं करूनसुद्धा फक्त दारात प्रवेश मिळतो. त्यापुढे प्रत्येक कामाला वेगळा दर आहे.

उदाहरणार्थ, जनावरांना मोकळं हिंडू देण्याचा एक ऐच्छिक कार्यक्रम आहे. त्यात भाग घेतला तर मे ते ऑक्टोबर गाईंना महिन्यातले किमान २६ दिवस कुरणावर न्यावं लागतं आणि हिवाळ्यातही महिन्यातले १३ दिवस गोठ्याबाहेर सोडावं लागतं. त्याची नोंद ठेवायची, तपासणीला माणूस आला की दाखवायची. उंच वाढलेली जुनी फळझाडं राखली तर झाडामागे पैसे. या झाडांखाली यंत्र फिरवणं अवघड, फळं काढणं त्याहून अवघड, पण ढोलीत घुबडं आणि सुतारपक्षी राहतात. डोंगरावरच्या उन्हाळी कुरणांचा हिशेब तर वेगळ्याच मापाने चालतो: एक मोठं जनावर शंभर दिवस चरलं की एक एकक. कुरणाची ताकद पाहून त्याला किती एककं झेपतील ते ठरवलेलं असतं. ठरलेल्यापेक्षा फार जास्त गुरं चढवली तर रक्कम कापतात, फार कमी चढवली तरी कापतात. कारण अतिचराईने माती उघडी पडते आणि कमी चराईने झुडपं माजतात. ही उन्हाळी कुरणं देशाच्या एकूण शेतजमिनीच्या सुमारे एक तृतीयांश आहेत, त्यामुळे हा हिशेब किरकोळ नाही. वसंतात गुरं वर चढवण्याची आणि शरदात सजवून खाली आणण्याची ही सगळी परंपरा २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

२०१४ मध्ये एक मोठी दुरुस्ती झाली. तोवर जनावरामागे मोजून काही रक्कम मिळायची. साहजिकच जनावरं वाढवण्याकडे कल राहायचा, आणि एका बाजूने कुरण वाचवण्यासाठी दिलेला पैसा दुसऱ्या बाजूने तळी नासवायचा. ती रक्कम काढून टाकली आणि जमिनीच्या निगेकडे वळवली. शेतकरी संघटनांनी कडाडून विरोध केला होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. पैसा ज्या गोष्टीला बांधाल, तीच गोष्ट वाढते. हेतू काहीही असो.

नुसत्या पैशाने गाव टिकत नाही

ग्राउब्युन्डेन कँटनमध्ये १४०० मीटरहून उंचावर, एका दरीच्या टोकाला व्रिन नावाचं गाव आहे. वस्ती अडीचशेच्या आसपास, भाषा रोमान्श. त्यापुढे थोड्याच अंतरावर रस्ता संपतो. सत्तरच्या दशकात या गावाची गत आपल्या कोकणातल्या वा सह्याद्रीतल्या कित्येक वाड्यांसारखीच होती: तरुण खाली निघून चाललेले, जमिनी तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या, आणि बाहेरचे लोक सुट्टीतल्या घरांसाठी भूखंडांवर डोळा ठेवून बसलेले.

गावकऱ्यांनी १९७९ मध्ये ‘प्रो व्रिन’ नावाचा न्यास काढला. पहिलं काम काय केलं तर बांधकामाला मोकळी असलेली जमीन गावाच्याच ताब्यात घेतली, म्हणजे सट्टा सुरू व्हायच्या आत तिचा दरवाजा बंद केला. घरं बांधायची ती गावात राहणाऱ्यांसाठी. मग विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण झालं. त्यानंतर प्रश्न आला गोठ्यांचा. नव्या नियमांप्रमाणे जनावरांना मोकळी जागा हवी, यंत्रं आत जायला हवीत, आणि जुने लाकडी गोठे तर अगदी लहान. सोपा उपाय म्हणजे दूर कुठेतरी पत्र्याची शेड. गावाने ते केलं नाही. जिऑन कामिनाडा हा गावचाच मुलगा, आधी सुतारकाम शिकलेला आणि मग वास्तुरचनाकार झालेला. त्याने लाकडाच्या ओंडक्यांची जुनी विणकामासारखी बांधणी वापरून मोठे गोठे गावाच्या कडेला, वस्तीला जोडून उभे केले. त्यांच्या शेजारीच गावचा छोटा खाटीकखाना बांधला. त्यामुळे जनावर जिवंत खाली पाठवायचं आणि मधल्या व्यापाऱ्याला नफा द्यायचा, हे थांबलं. मांस इथेच कापून, इथेच सुकवून थेट गिऱ्हाइकाला विकता येऊ लागलं. १९९८ मध्ये गावाच्या या सगळ्या नियोजनाला वाकर पुरस्कार मिळाला. वारसा जपणाऱ्या गावांना आणि शहरांना दिला जाणारा हा देशातला सर्वांत मानाचा सन्मान.

व्रिनला सरकारी पैसा मिळाला, मिळतोही. पण तो पैसा कामी यावा यासाठी लागणारी बैठक आधी गावानेच तयार केली: जमीन हातात, प्रक्रिया गावात, आणि कौशल्य घरचं. शिवाय वरून एक आधार होता, तो आपल्या नजरेतून सहज सुटतो. शंभराहून जास्त माणसं कायम राहतात अशा वस्तीपर्यंत सार्वजनिक वाहतूक पोहोचली पाहिजे, असा स्विस नियम आहे. पिवळी पोस्टबस व्रिनपर्यंत जाते ती या तत्त्वावर. ग्रामीण विकास म्हणजे शेतीखात्याचंच काम, असा समज असेल तर या बसकडे पाहावं.

जमीन कोणाच्या हातात

सरकार हेक्टरी पैसे देऊ लागलं की जमिनीचे भाव वाढतात आणि पैसा शेवटी कसणाऱ्याऐवजी मालकाच्या खिशात जातो. युरोपात अनेक ठिकाणी हे घडलं आहे. स्विस लोकांनी त्यावर १९९४ पासून एक कडक कायदा लागू केला. शेतजमीन साधारणतः त्यालाच विकत घेता येते, जो ती स्वतः कसणार आहे. परिसरातल्या सरासरी भावापेक्षा फार जास्त बोली लावली तर व्यवहारच नामंजूर होतो. आणि वारसाची तरतूद तर आपल्याकडच्या वाचकाने दोनदा वाचावी अशी आहे. चालतं शेत असेल, आणि भावंडांपैकी एकाला ते स्वतः कसायचं असेल, त्याची तेवढी पात्रताही असेल, तर त्याला ते बाजारभावाने नाही तर उत्पन्नाच्या किमतीने मिळतं. म्हणजे त्या जमिनीतून शेती करून जे निघू शकतं, त्यावर ठरलेली किंमत. ती बाजारभावाच्या मानाने फारच कमी असते. बाकीच्या भावंडांना त्या कमी किमतीतला वाटा मिळतो. पण त्याने पुढच्या २५ वर्षांत ते शेत नफ्याने विकलं, तर त्या नफ्यात सगळ्यांचा हक्क जागा होतो.

आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे, आणि तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरवर आलेलं होतं. स्विस सरासरी आज २२ हेक्टरच्या घरात आहे. फरक फक्त कायद्याच्या कडकपणाचा नाही. तिथे शेत न मिळालेल्या भावंडांना शहरात बरी नोकरी मिळते, म्हणून ती सोडू शकतात. आपल्याकडे दोन एकरांचा तुकडा हाच अनेकांचा एकमेव विमा असतो, त्यावर पाणी सोड असं कोणाला कसं म्हणणार?

भांडणं मिटलेली नाहीत

या व्यवस्थेची टीकाही तेवढीच खरी आहे. श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे स्विस शेतकऱ्याच्या एकूण मिळकतीतला जवळपास अर्धा भाग सरकारी आधारातून येतो. नॉर्वे, आइसलँड अशा मोजक्या देशांतच हे प्रमाण इतकं आहे. आणि त्यातला मोठा हिस्सा थेट रकमेतून न येता आयात शुल्काच्या भिंतीतून येतो, म्हणजे महाग अन्न घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खिशातून. सीमेजवळ राहणारे कित्येक जण शनिवारी गाडी काढून जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये मांस-दूध घ्यायला जातात. गरीब कुटुंबाला ही महागाई जास्त टोचते, हे नाकारता येत नाही.

दुसरं, एवढं करूनही शेतं कमी होतच आहेत. १९८० च्या सुमारास सव्वा लाखाच्या आसपास असलेली संख्या आज ४८ हजारांच्या आत-बाहेर आहे. शेतकऱ्याची बायको वर्षानुवर्षं शेतात राबते, पण तिच्या नावावर पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, असं कित्येक घरांत होतं. घटस्फोट झाला की ती रिकाम्या हाताने बाहेर. जोडीदाराला विम्याचं संरक्षण असल्याशिवाय पूर्ण रक्कम नाही, अशी तरतूद संसदेने अगदी अलीकडे केली. बर्न विद्यापीठाच्या संशोधकांना स्विस शेतकऱ्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण गावातल्या इतर पुरुषांपेक्षा जास्त आढळलं. दरडोई इतका पैसा ओतणाऱ्या देशातही कामाचा ताण, एकटेपणा आणि कागदपत्रांचं ओझं माणसाला इथवर नेतं. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला हे वाचून धक्का बसेल. मलाही बसला.

निसर्गाच्या आघाडीवरही समाधान नाही. सात टक्के जमीन राखली, पण ती बऱ्याचदा शेतातली सर्वांत निकस, सावलीची कड असते. सपाटीवरचे पक्षी कमी होतच आहेत. म्हणून लोक पुन्हा पुन्हा सार्वमत घडवून आणतात. जून २०२१ मध्ये प्रस्ताव होता: कीटकनाशकं वापरणाऱ्याला ही रक्कम देऊच नका. सुमारे ६१ टक्क्यांनी तो फेटाळला. सप्टेंबर २०२२ मध्ये जनावरांच्या कारखानी पालनावर बंदीचा प्रस्ताव आला, तोही पडला. सप्टेंबर २०२४ मध्ये जैवविविधतेसाठी जास्त जागा आणि पैसा मागणारा प्रस्ताव ६३ टक्क्यांनी नाकारला. दरवेळी गावं आणि शहरं वेगवेगळ्या बाजूंना कललेली दिसतात, आणि प्रचार चांगलाच कडवट होतो.

तरी मला या मतदानांचं मोल वाटतं. आपल्या कराचे पैसे शेतकऱ्याला कोणत्या कामासाठी जातात हे तिथल्या मतदाराला घरी आलेल्या पुस्तिकेत वाचावं लागतं, आणि हो किंवा नाही लिहावं लागतं. शेतकऱ्यालाही आपलं काम शहरातल्या माणसाला समजेल अशा शब्दांत मांडावं लागतं. दान देणारा आणि दान घेणारा असं नातं उरत नाही. एक काम सांगतो, दुसरा करतो, आणि दरावरून दोघं भांडतात.

त्यांची पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही. तिथे शंभरातले दोन-तीन कामकरी शेतीत आहेत आणि बाकीचे त्यांना पोसू शकतात. आपल्याकडे जवळपास निम्मा कामकरी समाज शेतीवर आहे. पण कामांना नाव देणं, ती मोजणं आणि त्यांचा दर ठरवणं याला श्रीमंती लागत नाही. सह्याद्रीच्या उतारावर नाचणीचे ताल बांधणारा माणूस खालच्या धरणात जाणारा गाळ अडवतो. ते काम आजही कोणत्याच वहीत लिहिलेलं नाही.

स्विस लोक हा हिशेब कुठवर नेतात याचं एक उदाहरण सांगतो. आज तिथल्या बहुतेक गाईंची शिंगं वासरं असतानाच डागून काढलेली असतात, कारण बिनशिंगी गाई गोठ्यात दाटीने ठेवता येतात. बर्न कँटनच्या डोंगराळ भागातल्या आर्मिन कापाऊल या शेतकऱ्याचं म्हणणं होतं की शिंगं हा गाईचा जिवंत अवयव आहे, आणि ती राखायला गोठ्यात जास्त जागा लागते. मग त्या जास्त जागेचे पैसे मिळायला हवेत. त्याने एक लाखाहून जास्त सह्या जमवल्या आणि प्रश्न सार्वमतापर्यंत नेला. २५ नोव्हेंबर २०१८ ला अख्ख्या देशाने गाईच्या शिंगांवर मतदान केलं. ५४.७ टक्के लोकांनी नको म्हटलं. ४५.३ टक्के लोक पैसे द्यायला तयार होते.